सहकुटुंब सहलीसाठी मोटरहोम निवडताना

नावे चार, वस्तू वेगळ्या

मोटरहोम, कॅराव्हॅन, कॅम्पर आणि व्हॅनिटी व्हॅन ही चार नावे भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या तोंडी एकमेकांच्या जागी सर्रास येतात, आणि चौकशी करणाऱ्या कुटुंबाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बसायची जागा, झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास हे सगळे एकाच इंजिनाच्या गाडीत असेल तर ते मोटरहोम. आपल्याकडे सरकारी कागदांत आणि बोलण्यातही तिलाच कॅराव्हॅन म्हणतात. परदेशी व्हिडिओंमध्ये कॅराव्हॅन म्हणून जी दाखवतात ती मोटारीमागे ओढायची खोली असते. ती इथे क्वचितच दिसते, आणि आपल्या घाटांत ती मागे लावून वळण घेण्याची हौस न केलेली बरी. कॅम्परमध्ये पाठ टेकायची सोय असते, फार तर एक शेगडी असते, संडास बहुधा नसतो. व्हॅनिटी व्हॅन ही चित्रीकरणासाठी, दिवसभर एका जागी उभी राहण्यासाठी बांधलेली गाडी. तिच्यात आरसे आणि सोफे भरपूर, पण रात्री पाच माणसे झोपवायची म्हटले की पंचाईत होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, त्याच वर्षी केरळनेही ‘केरावॅन केरळ’ सुरू केले. तेव्हापासून सोलापुरातही या गाड्यांची चौकशी होऊ लागली. मात्र भाड्याच्या कॅराव्हॅनचा धंदा मुख्यतः मुंबई-पुण्याकडे आहे. सोलापुरात ट्रॅव्हल्सवाल्यांकडे हमखास मिळतात त्या क्रूझर, ट्रॅव्हलर, अर्टिगा आणि इनोव्हा. याचा थेट परिणाम खर्चावर होतो. भाड्याचे किलोमीटर गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून पुन्हा त्याच्या दारात पोहोचेपर्यंत मोजतात. पुणे-सोलापूर अंतर सुमारे २५० किलोमीटर. म्हणजे गाडी सोलापूरला येणे आणि सहल संपल्यावर परत जाणे मिळून ५०० किलोमीटर रिकामेच, आणि त्याचे पैसे कुटुंबाने द्यायचे. दोन दिवसांच्या सहलीत हा भुर्दंड मूळ सहलीपेक्षा मोठा होऊ शकतो. कोकण किंवा नाशिकच्या बाजूला जायचे असेल तर रेल्वेने पुण्याला जाऊन तिथून गाडी ताब्यात घेणे स्वस्त पडते. हंपी, हैदराबाद, श्रीशैलकडे जायचे असेल तर ही युक्ती चालत नाही.

आधी रात्री मोजाव्यात

मोटरहोमचा खरा उपयोग रात्री होतो. दिवसा ती एक जड, उंच आणि सावकाश चालणारी गाडीच असते. म्हणून गाडी पाहण्याआधी कागदावर सहलीच्या रात्री मांडाव्यात आणि प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामाचे ठिकाण लिहावे. ज्या रात्री चांगली खोली सहज मिळते ती रात्र मोटरहोमच्या खात्यात धरू नये.

हा हिशेब केला की सोलापूरच्या नेहमीच्या सहलींतील बऱ्याचशा आपोआप गळतात. तुळजापूर ४५ किलोमीटरवर, अक्कलकोट ४० वर, पंढरपूर पाऊणशेच्या आत. या तिन्ही ठिकाणी रात्री घरी परतता येते, आणि मुक्काम करायचाच तर अक्कलकोटचे यात्री निवास, पंढरपूरचे भक्त निवास आहेतच. विजयपूर-बदामी-हंपी ही चार-पाच दिवसांची फेरी मात्र विचार करण्यासारखी आहे. विजयपूर १०० किलोमीटर, बदामी सुमारे २२०, हंपी ३०० च्या आसपास. रोजची धाव थोडी, पाहण्यासारखे पुष्कळ, आणि दुपारी मुलांना व म्हाताऱ्यांना आडवे व्हायला जागा लागते. तारकर्ली, गणपतीपुळे अशा किनाऱ्यावर चार रात्री काढायच्या असतील तरीही मोटरहोम शोभते.

ढोबळ नियम असा धरावा: सलग तीन किंवा अधिक रात्री, रोज दीडशे-दोनशे किलोमीटरहून कमी प्रवास, आणि झोपणारी माणसे चार ते पाच. यातील एक जरी गोष्ट बसत नसेल तर साधी ट्रॅव्हलर आणि चांगल्या खोल्या हा पर्याय जवळजवळ नेहमीच सरस ठरतो. जाहिरातीत ‘हॉटेलचा खर्च वाचतो’ असे लिहिलेले असते. पण हॉटेलच्या खोलीला डिझेल लागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

बसणारे किती, झोपणारे किती

‘सहा जणांची गाडी’ या शब्दांवर विसंबू नये. गाडीचे तीन आकडे वेगवेगळे विचारावेत: आरसी बुकावर चालकासह किती आसने नोंदलेली आहेत, पट्टा असलेली आसने किती, आणि पाय पसरून झोपायच्या जागा किती. तिन्हींमध्ये जो सर्वांत लहान आकडा असेल तोच त्या गाडीचा आकडा. भाड्याच्या गाडीसोबत चालक आला तर त्याचे झोपणेही यात धरावे. रात्री त्याला टपावर किंवा पुढच्या सीटवर वाकून झोपायला लावून दुसऱ्या दिवशी घाटात त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा करणे बरोबर नाही. त्याच्यासाठी जवळच्या लॉजवर एक खोली धरावी.

सोलापूरकडच्या घरांत सहल म्हटली की आजी-आजोबा, दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि तीन मुले अशी नऊ माणसे सहज होतात. नऊ जण झोपतील अशी मोटरहोम भाड्याच्या बाजारात शोधून सापडणे कठीण. अशा वेळी कुटुंबाने दोन पर्याय तपासावेत. पहिला: बारा किंवा सतरा आसनांची ट्रॅव्हलर आणि रात्री खोल्या. दुसरा: चार-पाच जण झोपतील अशी मोटरहोम आजी-आजोबा व लहान मुलांसाठी, आणि सोबत उरलेल्यांसाठी एक मोटार. दुसरा पर्याय महाग आहे, पण त्यात एक सोय दडलेली आहे. मोटरहोम मुक्कामी उभी ठेवून मोटारीने अरुंद गल्ल्या, किल्ल्याचा पायथा, बाजार गाठता येतो.

आसने बारा असोत वा सतरा, सगळ्यांची तोंडे पुढे आहेत का ते पाहावे. काही क्रूझरमध्ये मागे समोरासमोर आडवी बाके असतात. तासाभराच्या तुळजापूर फेरीला ती चालतात. हंपीपर्यंत त्यांवर बसलेल्या माणसाची कंबर दोन दिवस धरते, आणि जोराचा ब्रेक लागला तर आडव्या बाकावरचा माणूस आधी फेकला जातो. मोटरहोममध्येही गाडी चालू असताना पलंगावर झोपणे, मुलांनी मागे-पुढे फिरणे हे धोक्याचेच. पलंग हा उभ्या गाडीत वापरायचा असतो.

आसनांपेक्षा जास्त माणसे बसवली तर कायद्याने प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. दंड किरकोळ वाटतो, पण जादा प्रवाशांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. लहान मुले मांडीवर म्हणून मोजायची नाहीत, हा घरगुती हिशेब आरटीओपुढे टिकत नाही.

दिंडीच्या ट्रकाकडून शिकण्यासारखे

चाकांवरचे घर या जिल्ह्याला नवे नाही. आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मुक्कामांवर दिंड्यांचे ट्रक पाहावेत. माणसे चालत येतात, घर ट्रकातून येते. ट्रक सकाळीच पुढे निघतो, मुक्कामाची जागा धरतो. सगळ्यात आधी मागच्या फळीशी ठेवलेले तंबूचे खांब आणि दोर उतरतात, मग शेगड्या व मोठी पातेली, मग पिठाची पोती, आणि सगळ्यात आत ठेवलेल्या वळकट्या शेवटी. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचे, हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नसतो, पण चुकतही नाही. दिंडी पोहोचेपर्यंत चूल पेटलेली असते आणि पाण्याचा टँकर बाजूला उभा असतो.

मोटरहोम निवडताना हीच कसोटी लावावी: मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात लागणाऱ्या वस्तू बाकीचे सामान न उपसता हाती येतात का? रात्रीचे कपडे पलंगाखालच्या पेटीत, आणि पेटी उघडायची तर पलंगावर झोपलेल्या आजोबांना उठवायचे, अशी रचना असलेल्या गाड्या बाजारात आहेत. दिसायला त्याच सर्वांत देखण्या असतात.

दिंडीचे ट्रक पाहून मालवाहू टेम्पोत गाद्या टाकून देवदर्शनाला जाण्याचा मोह मात्र आवरावा. छोटा हत्ती किंवा पिकअप ही मालाची गाडी आहे. तिच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशांना अपघातानंतर विमा कंपनीकडून भरपाई मिळवणे फार अवघड जाते, कारण तिच्या विम्यात प्रवासी धरलेलेच नसतात.

हवेचा आणि विजेचा हिशेब

सोलापूर आणि भोवतालच्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो. शाळांची सुट्टी नेमकी तेव्हाच. दुपारभर उन्हात उभी राहिलेली पत्र्याची गाडी रात्री दहा वाजताही तापलेली असते. त्यामुळे ‘एसी आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘इंजिन बंद असताना एसी कशावर आणि किती तास चालतो’ हे विचारावे लागते.

आकडे साधे आहेत. एक टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट वीज खातो; आठ तासांच्या झोपेला सहा ते आठ युनिटे लागतात. बारा व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात जेमतेम २.४ युनिटे मावतात. म्हणजे ती एसीला अडीच-तीन तास पुरेल, त्यानंतर मध्यरात्री सगळे जागे. टपावरचे ३०० वॅटचे सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा ते दीड युनिट देते. त्यावर लहान फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल निभावतात, एसी नाही.

म्हणून उन्हाळ्याच्या सहलीत दोनच मार्ग उरतात: जिथे १५ अँपिअरचा वीजपुरवठा मिळेल तिथेच मुक्काम करावा, किंवा जनरेटर असलेली गाडी घ्यावी. जनरेटरचा आवाज शेजारच्यांना सहन होत नाही आणि त्याचा धूर खिडकीतून आत आला तर जिवावर बेततो. जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपणे कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. तिसरा मार्ग खरे तर सर्वांत स्वस्त आहे. मोटरहोमची सहल दिवाळी ते महाशिवरात्रीच्या दरम्यान ठेवावी, तेव्हा खिडकीची जाळी आणि एक पंखा पुरतो. सोलापुरी चादरही तेव्हाच अंगावर घ्यावीशी वाटते.

पाणी आणि संडास

टाकी १०० लिटरची आहे म्हणजे पुष्कळ, असे वाटते. पाच माणसांनी १५ लिटरच्या एकेक बादलीत अंघोळ केली की ७५ लिटर संपले. उरलेल्या २५ लिटरमध्ये भांडी, तोंड धुणे आणि संडास. म्हणून गाडीतील शॉवर हा किनाऱ्यावरून आल्यावर पायाची वाळू धुण्यापुरता मानावा आणि अंघोळी मुक्कामाच्या ठिकाणी कराव्यात. पिण्याचे पाणी टाकीतले वापरू नये. त्यासाठी वेगळे जार न्यावेत.

गाडीतील संडास बहुधा खालून ओढून काढता येणाऱ्या डब्याचा असतो. डबा साधारण १८ ते २० लिटरचा. चार-पाच माणसांत तो दोन दिवसांत भरतो. तो कोण रिकामा करणार हे निघण्याआधीच ठरवावे. सहलीतली पहिली भांडणे बहुतेक याच मुद्द्यावर होतात. डबा मुक्कामाच्या ठिकाणच्या संडासातच ओतावा. शेत, ओढा, रस्त्याकडेचे गटार यांत ओतणे गुन्हा तर आहेच, पण गावकरी पुढच्या कुटुंबाला जागा देणार नाहीत. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र रात्री उठून बाहेर न जाता वापरता येणारा हा संडासच मोटरहोम घेण्याचे सर्वांत मोठे कारण ठरू शकतो.

स्वयंपाक आणि गॅस

२६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. यात्रेकरूंनी डब्यात बेकायदा गॅस सिलिंडर आणला होता. बंद जागा, झोपलेली माणसे आणि घरचा सिलिंडर ही जुळणी मोटरहोममध्येही तितकीच घातक आहे. गाडीत गॅस असेल तर सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, खाली हवा जाण्यास भोक असलेल्या वेगळ्या कप्प्यात पट्ट्याने बांधलेला हवा. आतमध्ये गळती-सूचक आणि हाताशी अग्निशामक हवा. यातले एक जरी नसेल तर सिलिंडर घेऊच नये. इंडक्शन शेगडी वीजपुरवठा मिळेल तिथे वापरावी.

सोलापूरकडच्या शिदोरीला पहिले तीन दिवस शेगडीची गरज पडतही नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा, धपाटे, घट्ट दही: हे सगळे प्रवासासाठीच जन्मलेले पदार्थ आहेत. ओट्याचा आकार पाहून गाडी निवडण्यापेक्षा चहा गरम करता येतो का आणि लहान बाळाचे दूध ठेवायला फ्रिज थंड राहतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

कागदपत्रे: सीमा जवळ आहे हे विसरू नये

अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घेऊन गाणगापूर करून येणे ही सोलापूरकरांची ठरलेली एक दिवसाची फेरी. गाणगापूर कर्नाटकात आहे. म्हणजे या साध्या फेरीतही गाडी राज्याची सीमा ओलांडते. मालकाकडे केवळ महाराष्ट्राचा परवाना असेल तर नाक्यावर तात्पुरता परवाना आणि कर भरावा लागतो, किंवा गाडी अडकून पडते. अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेली गाडी मागावी आणि परवान्याची मुदत डोळ्यांनी पाहावी. विनापरवाना गाडी चालवण्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. दंड मालकाचा असला तरी रस्त्यावर उतरून उभे राहावे लागते ते कुटुंबाला.

नंबर प्लेटवरून पहिली ओळख पटते:

- पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे: चालकासह भाड्याने द्यायची गाडी.
- काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे: स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी.
- पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे: खासगी गाडी. ही भाड्याने घेऊ नये.

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेलचे तेवढे द्या’ म्हणून मिळते आणि स्वस्त पडते. अपघात झाला आणि गाडी भाड्याने दिल्याचे सिद्ध झाले की विमा कंपनी दावा नाकारण्याचा प्रयत्न करते. मग भरपाईचा प्रश्न त्या ओळखीच्या माणसावरच येऊन पडतो.

गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या मुदती समोर येतात. आरसीवर वाहनाचा वर्ग ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असा आहे का तेही पाहावे. जुनी रुग्णवाहिका किंवा शाळेची व्हॅन आतून रंगवून कॅराव्हॅन केलेली असेल आणि आरसीवर अजून रुग्णवाहिकाच लिहिलेले असेल, तर अशा गाडीपासून दूर राहावे.

स्वतः चालवायची असेल तर परवान्याचा प्रश्न येतो. हलक्या वाहनाचा म्हणजे एलएमव्ही परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाडीला चालतो, आणि ती व्यावसायिक गाडी असली तरी वेगळी नोंद लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ट्रॅव्हलरवर बांधलेल्या मोटरहोम या मर्यादेत बसतात. बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्या बसत नाहीत. कायद्याने परवानगी असली तरी ज्याने आयुष्यभर अल्टो चालवली त्याने पहिल्यांदाच सहा मीटरची गाडी घेऊन आंबा घाटात उतरू नये. चालकासह गाडी घेणे हेच बहुतेक कुटुंबांना परवडते.

भाडे ठरवताना लिहून घ्यायच्या गोष्टी

तोंडी बोलणे गोड असते. पुढील गोष्टी निदान व्हॉट्सॲपवर मालकाकडून लेखी घ्याव्यात:

- दर किलोमीटरचा की दिवसाचा. दिवसाचे किमान किलोमीटर किती. बऱ्याच ठिकाणी ३०० धरतात, आणि मोटरहोमची सहल सावकाश असल्याने न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात. दिवसाच्या भाड्यावर बोलणी करावी.
- दिवस मध्यरात्री बदलतो की २४ तासांनी.
- चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्याचा कर आणि जीएसटी दरात धरले आहेत की वेगळे.
- जनरेटरचे डिझेल कोणाच्या खात्यावर.
- अनामत रक्कम किती, किती दिवसांत परत, आणि कोणत्या नुकसानीबद्दल कापणार.
- गाडी वाटेत बंद पडली तर किती तासांत दुसरी देणार. न दिल्यास खोलीचा खर्च कोण देणार.
- सहल रद्द झाल्यास किती पैसे परत.

पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार टोलनाके लागतात. मोटरहोमचा फास्टॅग मोटारीच्या वर्गातला आहे की मिनीबसच्या, यावर प्रत्येक नाक्याची रक्कम बदलते. विचारलेले बरे.

गाडी ताब्यात घेताना

गाडी दिवसा, उजेडात आणि इंजिन बंद असताना पाहावी. एसी लावून थंड केलेल्या गाडीत कुबट वास कळत नाही. बंद गाडीचे दार उघडताच नाकाला जो पहिला वास येतो तो खरा. ओलसर वास आला तर टप गळतो आहे. कपाटांच्या कोपऱ्यांतील प्लायवूड बोटाने दाबून पाहावे. फुगलेले असेल तर दाबले जाते.

मग आजीला घेऊन यावे. हे गमतीने लिहिलेले नाही. पायरी जमिनीपासून किती उंच आहे, धरायला दांडी आहे का, संडासाच्या दारातून नऊवारीसह वळता येते का, हे मालकाला विचारून कळत नाही. आजी एकदा चढली-उतरली की कळते. खाली टेबल असलेला पलंग प्रत्यक्ष लावायला सांगावे आणि घड्याळ पाहावे. दाखवणारा माणूस दोन मिनिटांत लावत असेल तर घरच्यांना दहा मिनिटे लागतील. वीस लागत असतील तर तो पलंग तिसऱ्या रात्रीपासून कायमचा पसरलेलाच राहील आणि जेवायचे टेबल गेले असे समजावे. घरातला सर्वांत उंच माणूस त्यावर झोपवून पाहावा.

नळ सोडावा, फ्रिज आदल्या रात्रीपासून लावलेला असावा, टायरवरील तारीख वाचावी. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मोटरहोम वर्षभर उभ्या असतात, त्यामुळे नक्षी शाबूत पण रबर तडकलेले असे टायर त्यांच्यात जास्त सापडतात. स्टेपनी, जॅक आणि पाना आहेत याची खात्री करावी. शेवटी मोबाइलवर आतून-बाहेरून पूर्ण व्हिडिओ काढून, ओरखडे दाखवून, तो मालकाला तिथेच पाठवावा. अनामत परत मिळण्याचा याहून भक्कम उपाय नाही.

वजनाचे भान बहुतेकांना नसते. पाच माणसांचे सव्वातीनशे किलो, १०० लिटर पाण्याचे १०० किलो, सामान आणि भांड्यांचे दीडशे: पावणेसहाशे किलो झाले. आरसीवरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उरलेला आकडा याहून जास्त हवा. शंका असेल तर भरलेली गाडी काट्यावर घालावी. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात वजनकाटा शोधायला लांब जावे लागत नाही.

वाट आणि मुक्काम

टपावरच्या एसीसह गाडीची उंची मोजून ती चालकासमोर चिकटवावी. रेल्वेखालचे बोगदे, पार्किंगचे आडवे लोखंडी दांडे, गावातल्या लोंबत्या तारा आणि वडाच्या पारंब्या हे मोटरहोमचे नेहमीचे शत्रू. नकाशाचे ॲप मोटारीचा रस्ता दाखवते, ते गाडीची उंची विचारत नाही.

काही रस्ते रात्री बंद असतात. हैदराबादहून श्रीशैलला जाणारा नल्लमला जंगलातील रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. म्हैसूरहून उटीकडे जाताना बंदीपूरचेही तसेच. उटीसाठी मे २०२४ पासून ई-पासही लागतो. माथेरानला पर्यटकांची कोणतीही गाडी दस्तुरी नाक्यापुढे जात नाही. अशा ठिकाणांसाठी मोटरहोम घेणे म्हणजे ती पार्किंगमध्ये ठेवण्यासाठी भाडे भरणे.

मुक्कामासाठी पसंतीचा क्रम असा: पर्यटन महामंडळाच्या निवासांचे किंवा खासगी रिसॉर्टचे आवार, कृषी पर्यटन केंद्र, देवस्थानचे पार्किंग, आणि अगदी शेवटी चोवीस तास चालणारा मोठा पेट्रोल पंप. प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री गाडीत झोपायला परवानगी आहे का, विजेची जोडणी मिळेल का, संडासाचा डबा ओतता येईल का. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून झोपू नये. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला डुलकी लागलेली असू शकते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट येथे एकादशी, नवरात्र, दत्तजयंतीच्या दिवसांत गाड्या गावाबाहेरच अडवतात, त्या तारखा टाळाव्यात.

विकत घ्यावी का

वर्षाला महिनाभराच्या रात्री गाडीत काढणाऱ्यांनीच विकत घेण्याचा विचार करावा. बाकीच्यांची गाडी दारात उभी राहून उन्हाने रबर, पावसाने टप आणि उंदरांनी वायरी खाते. घ्यायचीच असेल तर आधी तिच्याच मांडणीची गाडी दोनदा भाड्याने वापरावी.

साधी ट्रॅव्हलर घेऊन ती आतून बदलायची असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारावे, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. आसनसंख्या आणि वर्ग आरसीवर बदलून घ्यावा लागतो, आणि ओटा, बॅटरी, सोलर यांची किंमत विम्यात वेगळी दाखवावी लागते. न दाखवलेल्या वस्तू जळाल्या तर भरपाईत येत नाहीत. गाडी बांधणाऱ्याला पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता आरसी हाती आल्यावर.

बिघाड झाला, फसवणूक झाली तर

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर संकटात ११२ हे क्रमांक चालतात. गाडी बंद पडल्याची वेळ, जागा आणि मालकाला केलेल्या फोनच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

ठरल्याप्रमाणे गाडी न देणे, एसी किंवा संडास बंद असलेली गाडी देणे, अनामत अडवणे ही सेवेतील त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडीवाला पुण्याचा किंवा मुंबईचा असला तरी सोलापूरच्या कुटुंबाला सोलापुरातच दाद मागता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. सोबत पैसे दिल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील बोलणे आणि गाडी घेताना काढलेला तो व्हिडिओ जोडावा. रोख दिलेल्या आणि पावती न घेतलेल्या रकमेबद्दल आयोगापुढे सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.